सामायिक तालिकेसाठी मराठी-इंग्रजी विषयशीर्षकांची यादी कशी करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तालुक्यातली पाच ग्रंथालये (एक महाविद्यालयाचे, तीन सार्वजनिक, एक शाळेचे) एकाच कोहा (ग्रंथालयांची संगणकप्रणाली) सर्व्हरवर येत आहेत. नोंदी साधारण चाळीस हजार, त्यांतल्या दोन तृतीयांश मराठी पुस्तकांच्या. विषय ज्याने त्याने आपल्या मनाने टाकलेत: कुणी इंग्रजीत, कुणी मराठीत, कुणी रकाना रिकामाच सोडलाय. तेव्हा अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची विषयशीर्षके, म्हणजे एलसीएसएच, मराठीत भाषांतरित करून सगळ्यांनी तीच वापरावीत का, आणि याला किती दिवस लागतील?

भाषांतर करू नका. ती यादी वाईट आहे म्हणून नव्हे. ती त्यांच्या कपाटांतल्या पुस्तकांवरून घडलेली आहे आणि तुमची यादी तुमच्या कपाटांतल्या पुस्तकांवरून घडायला हवी. तुम्हाला हव्यात दोन याद्या, मराठीची आणि इंग्रजीची. प्रत्येक आपापल्या भाषेत स्वाभाविक असावी, आणि दोन्ही एका क्रमांकाने एकमेकींना जोडलेल्या असाव्यात. जोडणी शब्दाची शब्दाशी नसते, विषयाची विषयाशी असते. बाकीचे सगळे या एका गोष्टीवरून ठरते.

एक उदाहरण जवळून पाहू. महाराष्ट्रातल्या कुठल्याही बऱ्या ग्रंथालयात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवरची दहा-वीस पुस्तके आणि अहवाल असतात. एलसीएसएचच्या नियमाने व्यक्तिवर्गाखाली 'सुइसायडल बिहेवियर' हे उपशीर्षक लागते, म्हणून शीर्षक होते 'फार्मर्स — सुइसायडल बिहेवियर — इंडिया'. याचे शब्दशः मराठी केले तर 'शेतकरी — आत्मघाती वर्तन' असे काहीतरी हाती येते. असे कोणी वाचक टंकणार नाही, आणि पुस्तके ज्या कर्ज-पाऊस-भावाबद्दल बोलतात तो विषयच शीर्षकातून निसटून माणसाच्या स्वभावावर जातो. मराठी शीर्षक सरळ 'शेतकऱ्यांच्या आत्महत्या' हवे. इंग्रजी बाजूला मात्र एलसीएसएचचे शीर्षक जसेच्या तसे राहू द्या, कारण महाविद्यालय बाहेरून नोंदी उतरवून घेते तेव्हा त्या तशाच येतात. दोन्ही बाजूंना वेगळे रूप, आतला क्रमांक एक. झाले काम.

यात परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही सांगतो. इंग्रजी पुस्तके जवळजवळ फक्त महाविद्यालयात असतील, तर इंग्रजी बाजू नव्याने घडवू नका. एलसीएसएच किंवा, छोटी यादी हवी असेल तर, सिअर्स यादी जशी आहे तशी घ्या. पाचही ठिकाणी इंग्रजी वाचक असतील तर इंग्रजी बाजूलाही स्थानिक पर्यायी शब्द भरावे लागतील. आणि स्क्रिप्ट (छोटी संगणक-आज्ञावली) चालवू शकणारा एक माणूस तुमच्याकडे आहे की नाही यावर अर्धे तांत्रिक निर्णय ठरतात. तो नसेल तर पुढे सांगतो तो सोपा मार्ग धरा.

सुरुवात शब्दकोशातून करू नका, स्वतःच्या नोंदींतून करा. पाचही ग्रंथालयांतले सगळे विषय (ग्रंथनोंदीच्या मार्क या प्रमाण साच्यातले विषयांचे रकाने ६५०, ६५१, ६५३ आणि जिथे कुणी टिपणीत टाकलेत तेही) एका तक्त्यात काढा आणि प्रत्येकापुढे तो किती वेळा आलाय ते लिहा. ओपनरिफाइन या तक्ते साफ करणाऱ्या प्रणालीत एकसारखे दिसणारे शब्द एकत्र करता येतात, पण मेटाफोनसारख्या उच्चारावर आधारलेल्या पद्धती रोमन लिपीसाठी आहेत, देवनागरीला त्यांचा उपयोग नाही. 'निअरेस्ट नेबर' (जवळजवळ सारखी अक्षरे असलेले शब्द शोधणारी पद्धत) वापरा आणि सुचवलेली प्रत्येक जोडी डोळ्यांखालून घाला, नाहीतर 'कथा' आणि 'कला' एक होऊन बसतील. तीन किंवा अधिक वेळा आलेले विषय पहिल्या फेरीत घ्या. एवढ्या संग्रहासाठी पहिली यादी सहाशे ते आठशे शीर्षकांची पुरते. पाच हजारांचा आराखडा आखणाऱ्यांची यादी सहसा 'क'च्या पुढे जात नाही.

मूळ तक्त्यात रकाने एवढे ठेवा: क्रमांक, मराठी प्रमाण शीर्षक, मराठी पर्याय, इंग्रजी प्रमाण शीर्षक, इंग्रजी पर्याय, व्यापक शीर्षक, संबंधित शीर्षक, व्याप्तीची टीप, ड्युई क्रमांक (विषयवार वर्गीकरणाचा), जुळणीचा प्रकार, शब्द कुठून घेतला, तारीख. पर्यायांच्या रकान्यात समानार्थी शब्दांबरोबर दोन गोष्टी न विसरता भरा. एक, इंग्रजी शब्द देवनागरीत: 'मधुमेह' हे शीर्षक असले तरी लोक 'डायबिटीस', 'डायबेटिस', 'डायबेटीज' असेच टंकतात. दोन, मराठी शब्द रोमन लिपीत, कारण मोबाइलवरून शोधणारा कॉलेजचा मुलगा 'शेती' रोमनमध्येच लिहितो.

जुळणीचा प्रकार हा रकाना बहुतेक जण गाळतात आणि नंतर पस्तावतात. मराठी व इंग्रजी शीर्षक तंतोतंत जुळते, साधारण जुळते, मराठी व्यापक आहे, मराठी अरुंद आहे, की इंग्रजीत जोडच नाही: पाचांपैकी एक खूण प्रत्येक ओळीत हवी. परिभाषासूचींमधल्या जोडणीसाठी आयएसओ २५९६४ हे मानक आहे, त्याचा दुसरा भाग (२०१३) नेमका याबद्दल आहे. तो पूर्ण वाचायची गरज नाही, पण ही भेदरेषा तिथूनच आलेली आहे.

ही खूण का लागते ते 'लग्न' या शब्दावर पाहा. इंग्रजीत विवाहसंस्था म्हणजे 'मॅरेज', समारंभ म्हणजे 'वेडिंग्ज', आणि चालीरीतींना 'मॅरेज कस्टम्स अँड राइट्स' हे तिसरे शीर्षक. मराठीत एका 'लग्ना'त तिन्ही बसतात. वर ज्योतिषाच्या कपाटात 'लग्न' म्हणजे उदयलग्न, ज्यावरून कुंडली मांडतात. तेव्हा 'विवाह' हे मुख्य शीर्षक घ्या, 'विवाहविधी' वेगळे करा, 'लग्न (ज्योतिष)' तिसरे, आणि नुसत्या 'लग्न'वरून तिन्हींकडे 'पाहा' (वाचकाला प्रमाण शीर्षकाकडे नेणारी खूण) द्या. 'अलंकार'चेही असेच: दागिन्यांचे पुस्तक आणि उपमा-उत्प्रेक्षेचे पुस्तक एका शीर्षकाखाली आले की शिक्षक आणि सोनार दोघेही वैतागतात. दागिन्यांना 'दागिने' म्हणा, दुसऱ्याला 'अलंकार (साहित्यशास्त्र)'. 'रस', 'कर', 'मात्रा' हेही आधीच कंसात टाकून ठेवा.

उलट बाजूने, ओवी, अभंग, भारूड, गवळण, पोवाडा, लावणी यांना इंग्रजीत तंतोतंत जोड शोधत बसू नका. पोवाड्याला 'बॅलड' म्हणणे म्हणजे भाकरीला ब्रेड म्हणणे. मराठी शब्दच रोमन लिपीत इंग्रजी बाजूचे शीर्षक करा, व्यापक शीर्षक म्हणून 'मराठी पोएट्री' जोडा, आणि 'बॅलड्ज'ला संबंधित म्हणून ठेवा. आणि कादंबरीवरची समीक्षा व खुद्द कादंबरी यांत घोटाळा करू नका: प्रत्यक्ष पोवाड्यांचा संग्रह असेल तर तो साहित्यप्रकार म्हणून ६५५ मध्ये जातो, पोवाड्यांवरचा अभ्यास ६५० मध्ये. अशी गल्लत सगळ्यात जास्त ललित साहित्यात होते आणि सार्वजनिक ग्रंथालयात ललितच जास्त असते.

काही शीर्षकांत मत दडलेले असते. १८५७च्या घटनेला एलसीएसएचमध्ये 'सिपॉय रिबेलियन' असे नाव आहे, मराठी पुस्तकांत ती 'शिपायांचे बंड', 'स्वातंत्र्यसमर' आणि 'उठाव' अशा तिन्ही नावांनी येते. मी 'भारत — इतिहास — १८५७चा उठाव' घेईन, बाकीची दोन्ही नावे पर्यायांत. जातिवाचक जुने शब्द जुन्या पुस्तकांच्या नावांत असतातच, ते नावांत राहू द्या, शीर्षकात आणू नका. 'अस्पृश्यता' (प्रथा) आणि 'दलित' (समाज) ही दोन वेगळी शीर्षके आहेत, एकावरून दुसऱ्याकडे 'पाहा' देऊ नका, 'हेही पाहा' द्या.

आता शब्द निवडण्याचा वाद: शेती की कृषी, संगणक की कॉम्प्युटर? बैठका इथेच अडतात. नियम असा ठेवा की तुमच्या स्वतःच्या संग्रहातल्या पुस्तकांच्या नावांत जो शब्द जास्त वेळा येतो तो प्रमाण, दुसरा पर्याय. मोजून निर्णय झाला की भांडण संपते. मात्र एकदा 'शेती' ठरले की खालीही 'शेती — अर्थशास्त्र' असेच चालवा, नाहीतर वाचकाला अर्धी पुस्तके श मध्ये आणि अर्धी क मध्ये सापडतील. बरोबरी असेल तर मराठी विश्वकोशातल्या नोंदीचे नाव पाहा, शास्त्रीय विषय असेल तर भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश. शं. ग. दाते यांच्या मराठी ग्रंथसूचीत १८०० ते १९५० पर्यंतच्या पुस्तकांची नावे आहेत. जुने शब्द पर्यायांत भरायला तिच्याइतके चांगले साधन नाही. 'वैद्यक', 'रसायन', 'अर्थशास्त्र' या शब्दांचे जुने अर्थ तिथे दिसतात. परिभाषा कोशातला शब्द कुणाच्या तोंडी नसेल तर त्याला पर्यायात बसवा, मानाने.

एकवचन-अनेकवचनाचा मुद्दा किरकोळ वाटतो पण मराठीत तो महाग पडतो. इंग्रजीत 'रिव्हर' टंकून पुढे तारांकन टाकले की 'रिव्हर्स'ही सापडते. मराठीत 'नदी'वरून 'नद्या' सापडत नाही, 'घोडा'वरून 'घोडे' नाही, कारण शब्दाचे शेपूटच बदलते. कोहासोबत वापरता येणाऱ्या इलास्टिकसर्च या शोधयंत्रात हिंदी-बंगालीसाठी तयार विश्लेषक (शब्दांची रूपे ओळखणारा भाग) आहे, मराठीसाठी नाही. म्हणून मोजता येण्याजोग्या वस्तूंना अनेकवचन (नद्या, किल्ले, लोकगीते) आणि एकवचन पर्यायात, हे हातानेच भरावे लागते. विभक्तीही शक्यतो टाळा: 'महाराष्ट्रातील शेती' नको, 'शेती — महाराष्ट्र'. 'माहितीचा अधिकार' किंवा 'शेतकऱ्यांच्या आत्महत्या' असे रूढ झालेले शब्दप्रयोग मात्र तोडू नका. जोडशब्दांसाठी सोपा उपाय आहे: 'संतसाहित्य' प्रमाण, 'संत साहित्य' पर्याय, दरवेळी, विचार न करता.

शुद्धलेखनाला मराठी साहित्य महामंडळाचे नियम (१९६२ आणि त्यांत १९७२ साली पडलेली भर) पुरेसे आहेत. खरा त्रास डोळ्यांना दिसत नाही तिथे आहे. 'शेतकऱ्यांच्या' या शब्दातला अर्धा र संगणकात दोन प्रकारे लिहिला जातो: काही कळफलकांवर ऱ आणि हलन्त, काहींवर साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, शोधात दोन्ही वेगळे. 'ॲ'चेही तेच: एक अक्षर म्हणून असतो (युनिकोडमध्ये हे २००८ साली आले) किंवा 'अ'वर चंद्र देऊन. युनिकोडचे नेहमीचे सामान्यीकरण चालवले तरी या दोन जोड्या एक होत नाहीत. तेव्हा आयात करण्यापूर्वी शोधा-आणि-बदला करून एकच रूप ठेवा, आणि पाचही ठिकाणी एकच कळफलक बसवा, इन्स्क्रिप्ट असेल तर उत्तम. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधून रूपांतरित केलेल्या नोंदी असतील तर रफार आणि पहिली वेलांटी असलेले शब्द (कीर्तन, वर्ग, धर्म, चित्र) आधी तपासा. रूपांतरात सगळ्यात आधी तेच मोडतात.

कोहात हे कसे बसवायचे? प्रत्येक शीर्षकाची अथॉरिटी नोंद (प्रमाण रूप आणि त्याचे पर्याय ठेवणारी नोंद) करा, मराठीची वेगळी, इंग्रजीची वेगळी. वरच्या उदाहरणाची मराठी नोंद अशी दिसेल (इंग्रजी मजकूर प्रत्यक्षात अर्थातच रोमन लिपीत; १५० म्हणजे प्रमाण शीर्षक, ४५० पर्याय, ५५० व्यापक किंवा संबंधित शीर्षक, ६८० व्याप्तीची टीप, ७५० दुसऱ्या यादीतले जोडशीर्षक; सबफिल्ड म्हणजे रकान्यातला उपभाग, निर्देशक म्हणजे रकान्याच्या क्रमांकापुढचा खुणेचा अंक):

१५० — शेतकऱ्यांच्या आत्महत्या
४५० — शेतकरी आत्महत्या
४५० — शेतकऱ्याची आत्महत्या
४५० — फार्मर सुइसाइड
५५० — आत्महत्या (सबफिल्ड डब्ल्यूमध्ये 'जी', म्हणजे व्यापक शीर्षक)
५५० — शेतकरी — कर्ज
६८० — शेतकरी व शेतमजूर यांच्या आत्महत्यांची कारणे, आकडेवारी, शासकीय उपाय यांवरील साहित्यासाठी. ललित साहित्यासाठीही चालेल.
७५० — फार्मर्स — सुइसायडल बिहेवियर (दुसरा निर्देशक ०, म्हणजे एलसीएसएच)

इंग्रजी नोंदीत उलटी जोड: तिच्या ७५० मध्ये मराठी शीर्षक, दुसरा निर्देशक ७, आणि सबफिल्ड २ मध्ये यादीचा कोड. स्वतःचा नोंदणीकृत कोड नसेपर्यंत 'लोकल' लिहा. पुस्तकाच्या नोंदीत दोन ६५० येतात, मराठीचा निर्देशक ७, इंग्रजीचा ०. तालिकाकाराने मात्र एकच भरायचा, मराठी पुस्तकाला मराठी. दुसरा रात्री चालणाऱ्या स्क्रिप्टने तक्त्यातल्या क्रमांकावरून जोडायचा. हाताने दोन्ही भरायला सांगितले तर महिन्याभरात एक बाजू रिकामी राहू लागते. जुळणीचा प्रकार 'तंतोतंत' किंवा 'साधारण' असेल तरच स्क्रिप्टने आपोआप जोडावे, 'व्यापक' असेल तिथे माणसाने पाहावे. तो रकाना इथे कामाला येतो.

स्क्रिप्ट लिहिणारा नसेल तर सोपा मार्ग: एकच मराठी अथॉरिटी नोंद आणि इंग्रजी शीर्षक तिच्या ४५० मध्ये. शोध चालेल, पण इंग्रजी वाचकाला विषयांची इंग्रजी यादी कधीच दिसणार नाही, आणि पुढे वेगळे करायचे म्हटले तर ४५० मधला कुठला शब्द प्रमाण होता ते कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून हा मार्ग घेतला तरी मूळ तक्ता वेगळा जपून ठेवा.

दोन सेटिंग न चुकता पाहा. 'इन्क्लूड सी फ्रॉम इन सर्चेस' चालू नसेल तर ४५० मध्ये भरलेले सगळे पर्याय पुस्तकांच्या शोधात निरुपयोगी. ते चालू केल्यावर पूर्ण अनुक्रमणी (इंडेक्सिंग) पुन्हा करावी लागते, नाहीतर 'काही फरक पडला नाही' अशी तक्रार येते. 'ऑटो क्रिएट अथॉरिटीज' बंद ठेवा, एरवी प्रत्येक टंकनचुकीची नवी अथॉरिटी नोंद जन्माला येते. झेब्रा (कोहाचे दुसरे शोधयंत्र) वापरत असाल तर अनुक्रमणी आयसीयूवर (युनिकोड हाताळणाऱ्या पद्धतीवर) आहे ना तेही बघा, त्याशिवाय देवनागरी शोध धड चालत नाही.

स्थळनामांसाठी ६५१, आणि शीर्षक नेहमी आजचे नाव: छत्रपती संभाजीनगर, धाराशिव (दोन्ही २०२३), अहिल्यानगर (२०२४). जुनी नावे ४५१ (स्थळनामांचे पर्याय) मध्ये. निजामकाळावरचे पुस्तक असले तरी शीर्षक आजचेच, कारण एकाच गावाची पुस्तके दोन ठिकाणी विभागण्यापेक्षा हे बरे. एलसीएसएचही असेच करते. शहर आणि जिल्हा यांच्या नोंदी वेगळ्या. औरंगाबाद बिहारमध्येही आहे, म्हणून ४५१ मध्ये 'औरंगाबाद (महाराष्ट्र)' असे लिहा. व्यक्तींच्या नोंदींत जन्मवर्ष एकच ठरवा: शिवाजी महाराजांचे जन्मवर्ष जुन्या पुस्तकांत १६२७ही सापडते, राज्य शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य केली आहे, तीच घ्या.

उपशीर्षकांना लगाम हवा. स्थळ, काळ आणि स्वरूप (शब्दकोश, चरित्रे, पाठ्यपुस्तके, आकडेवारी वगैरे) एवढीच, आणि स्वरूपाची यादी पंचवीसच्या आत. एका शीर्षकात दोनपेक्षा जास्त उपशीर्षके लागत असतील तर दोन वेगळी शीर्षके द्या. लांब साखळ्या एकाच पद्धतीने बांधणे पाच ग्रंथालयांना जमत नाही, हे गृहीत धरूनच चला.

किती दिवस? शब्द ठरवायला तिघे पुरे: महाविद्यालयाचा ग्रंथपाल, सार्वजनिक ग्रंथालयातला देवघेव पाहणारा माणूस (वाचक काय मागतात ते त्यालाच ठाऊक असते), आणि शक्य झाल्यास मराठीचा एक शिक्षक. दोन तासांच्या बैठकीत पंचवीस-तीस शीर्षके नीट होतात. आठवड्याला एक बैठक धरली तर आठशे शीर्षकांना सहा ते आठ महिने. पण शंभर शीर्षके झाली की तिथेच थांबून चाचणी घ्या: तीच पन्नास पुस्तके दोन ग्रंथालयांतल्या दोघांना स्वतंत्रपणे विषय द्यायला सांगा. जिथे दोघांची शीर्षके जुळली नाहीत तिथे बहुधा व्याप्तीची टीप नाही किंवा ती संदिग्ध आहे. शीर्षक बदलू नका, आधी टीप दुरुस्त करा आणि मगच पुढची शंभर घ्या.

यादी चालू झाल्यावर नवे शीर्षक कुणीही सुचवावे, पण मंजुरी एकाच संपादकाने द्यावी. सुचवताना पुस्तकाचे नाव, शब्द कुठून घेतला आणि जवळचे असलेले शीर्षक का चालत नाही, एवढे तीन मुद्दे लिहून घ्या. मंजुरी येईपर्यंत पुस्तक व्यापक शीर्षकाखाली टाकायचे, अडवून ठेवायचे नाही. दोन शीर्षके एक करायची असतील तर कोहातली अथॉरिटी विलीन करण्याची सोय वापरा, पुस्तकांच्या नोंदी ती स्वतःच बदलते. रद्द झालेला क्रमांक पुन्हा कुणाला देऊ नका. आणि दर महिन्याला शोधाच्या नोंदवहीतून ज्यांना शून्य उत्तर मिळाले ते शब्द काढा. पहिल्या काही महिन्यांत त्यांतले बरेचसे थेट ४५० मध्ये जातील, आणि 'डायबेटिस' किती तऱ्हांनी लिहिता येते तेही तुम्हाला तिथेच कळेल.